कातीची पिशवी, हाडांची पिशवी

"आई, आज खंयची पिशवी? कातीची काय हाडांची?"

लेक हे विचारत होती तेव्हा तिचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. एका हातात पावाचा तुकडा, दुसऱ्या हातात फोन, आणि पायानं दाराआडची चप्पल शोधणं चाललेलं. खुंटीवर दोन पिशव्या लटकत होत्या. एक साडीच्या दुकानाची, जांभळी, बंद तुटत आलेला. दुसरी कुणाच्या तरी मुंजीत मिळालेली तागाची, तिच्यावर गणपती छापलेला. जांभळीत कातडीच्या डॉक्टरचे कागद, गणपतीच्या पिशवीत सांध्यांच्या डॉक्टरचे. "हाडांची," मी म्हटलं. तिनं ती काढून माझ्या खांद्याला अडकवली, कारण त्या सकाळी माझी बोटं बंद धरायला तयार नव्हती, आणि ती निघून गेली. एवढंच झालं. पण फोंड्याहून पणजीची बस सुटली, म्हार्दोळ गेलं, मंगेशी गेली, बाणस्तारीच्या पुलावर खिडकीतून खाडीचा ओला वास आत आला, तरी तो प्रश्न काही उतरेना. घरातल्या पोरीला माझ्या शरीराची अशी वाटणी कुणी शिकवली? अर्थात मीच.

घरात आम्ही बोलतो कोकणीत, लिहिते मी मराठीत, आणि कधी कधी एखादा शब्द या दोन भाषांच्या मध्ये अडकून बसतो. कोकणीत कात म्हणजे आपली साधी कातडी. मराठीत मात्र कात म्हटली की सापानं टाकलेली. बारा वर्षांपूर्वी माझ्या कोपरांवर आणि केसांच्या कडेला चंदेरी खवले धरू लागले, तेव्हापासून मला दोन्ही अर्थ लागू पडतात. काळी साडी नेसणं मी कधीचंच सोडलं. शाळेत फळ्याकडे वळताना पदर खांद्यावरून पुढे ओढून घ्यायची सवय लागली. आमच्याकडच्या पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की भिंतीसुद्धा घाम गाळतात. माझी कातडी मात्र तेव्हा जरा शहाण्यासारखी वागते. डिसेंबरातल्या कोरड्या वाऱ्यात ती तडकते. एकदा देवळात महाप्रसादाला मी वाढायला उभी राहिले, तेव्हा नात्यातल्याच एका बाईनं माझ्या हातातलं सोलकढीचं भांडं अगदी हळुवार काढून घेतलं. "तू बस गो, दमलीस." मी दमले नव्हते. सोरायसिस स्पर्शानं पसरत नाही, हे मला तोंडपाठ होतं आणि कदाचित तिलाही ठाऊक असेल. मी बसले. पानावर वाढलेलं सगळं जेवले. त्या दिवशीच्या खतखत्याची चव अजून जिभेवर आहे, म्हणजे राग आला असूनही मला भूक होती.

हाडांची पिशवी नंतर आली. चवथीच्या आधी दोन दिवस नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बसलो होतो. आमच्या आईची मुरड प्रसिद्ध. नेवरीची कड ती अशी दुमडत जायची की वेणीच घातली आहे असं वाटावं, आणि ती मुरड तिनं मला मारून-मुटकून शिकवलेली. मुरड घालताना सगळा भार बोटाच्या शेवटच्या पेरावर येतो. अंगठ्यानं दाबायचं, तर्जनीच्या टोकानं वळवायचं. त्या दिवशी तिसऱ्या-चौथ्या नेवरीला टोकाचं पेर वळेचना. दुसऱ्या दिवशी अनामिका मुळापासून टोकापर्यंत एकसारखी सुजली. सांधा सुजणं वेगळं. इथे आख्खं बोट फुगलं होतं, तांबूस आणि तुकतुकीत. इंग्रजीत या बोटाला सॉसेजची उपमा देतात हे मला फार नंतर कळलं आणि कळल्यावर मी एकटीच हसत बसले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळेत ओवलेले लालभडक चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, ज्यानं पाहिलेत, त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. चवथीच्या सोवळ्यात माझ्या हाताला चोरीस लटकलेला, हे सासूबाईंना सांगायची मात्र सोय नव्हती.

हाडांच्या डॉक्टरनी एक्स-रे काढला आणि रक्त तपासलं. युरिक ॲसिड ठीक, आणि संधिवाताची रक्तातली खूण मानतात तो आरए फॅक्टर निगेटिव्ह. "संधिवात नाही, काळजी करू नका." मी खरोखरच काळजी केली नाही. नॉर्मल रिपोर्टचा कागद हातात आला की माणूस किती पटकन शहाणपण सोडतो! दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, बोट उतरलं. मग टाच धरली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना खिळ्यावर उभं राहिल्यासारखं व्हायचं. नवी चप्पल घेतली. नखांवर बारीक खळगे पडले, शिवणाच्या अंगुस्तानावर असतात तसे. मी म्हटलं, भांड्यांच्या साबणानं झालं असेल. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक स्वतंत्र, समजूतदार कारण होतं. कातडीच्या डॉक्टरना मी टाच दाखवली नाही आणि हाडांच्या डॉक्टरना कोपर. तशी चार वर्षं गेली.

चार वर्षं.

शेवटी एका मैत्रिणीच्या आग्रहानं सांध्यांच्या डॉक्टरकडे गेले. हाडांच्या नव्हे, सांध्यांच्या. हा फरकही मला तोवर माहीत नव्हता. एक हाडं जोडणारा शल्यवैद्य, दुसरा संधिवाताचा वैद्य. पणजीतल्या त्या छोट्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती. माझी गणपतीची पिशवी तिनं उघडलीसुद्धा नाही. म्हणाली, "आधी नखं दाखवा. आता चप्पल काढा. आता केस बाजूला करा, कानामागे बघू दे." मग विचारलं, सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो? आता आमच्याकडे हे मिनिटांत कोण मोजतं? मी म्हटलं, पहिला पोदेर भोंपू वाजवत येतो तेव्हा मुठी मिटलेल्या असतात, पावाची पिशवी मी कोपरात अडकवून घेते. दुसरा पोदेर येतो तेव्हा सुटे पैसे मोजता येतात. ती हसली आणि कागदावर लिहिलं, पंचेचाळीस मिनिटं. मग तिनं नाव सांगितलं. सोरायटिक आर्थ्रायटिस. कातडीचं आणि सांध्यांचं दुखणं एकच, फक्त दोन दारांतून आत आलेलं.

मास्तरीण असल्यामुळे मला पुढच्या गोष्टीची गंमत वाटली आणि चीडही आली. हा आजार ओळखण्यासाठी २००६ साली गुणांची एक पद्धत ठरली. ती मुळात संशोधकांसाठी, पण डॉक्टरही तिच्याकडे बघतात. सांध्यांना, कण्याला किंवा स्नायूबंध हाडाला चिकटतात तिथे सूज असेल, तर पुढे गुण मोजायचे. अंगावर सोरायसिस असेल तर दोन. नखांत खळगे, एक. आख्खं बोट सुजणं, एक. आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह असणं, त्यालाही एक! म्हणजे ज्या कागदाकडे बघून मला "संधिवात नाही" असं सांगितलं गेलं, तोच कागद या परीक्षेत माझ्या बाजूनं गुण मिळवून देत होता. पास व्हायला तीन लागतात. मी पाच मिळवून चार वर्षं नापास म्हणून फिरत होते.

मग रात्री वाचत बसायचं वेड लागलं. कातडी आणि सांधे यांचा संबंध अलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८१८ सालीच लिहून ठेवला होता. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं बहुतेक वैद्य म्हणत राहिले की हा नेहमीचाच संधिवात, सोरायसिस योगायोगानं शेजारी राहायला आलाय. अमेरिकेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांनी त्याला वेगळा आजार म्हणून मान्यता दिली १९६४ मध्ये. सोरायसिस असलेल्यांपैकी तीस टक्क्यांपर्यंत लोकांना कधी ना कधी सांधे धरतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत कातडी आधी बोलते, सांधे काही वर्षांनी. म्हणजे सांधे कुणाचे धरू शकतात त्यांची यादी कातडीच्या डॉक्टरच्या बाकावर आधीच येऊन बसलेली असते. फक्त कुणीतरी विचारायला हवं. आयर्लंडमधल्या एका अभ्यासात दिसलं की लक्षणं सुरू झाल्यावर सांध्यांच्या डॉक्टरपर्यंत पोचायला सहा महिन्यांचा उशीर झाला, तरी हाडं कुरतडली जाण्याचं प्रमाण वाढतं. सहा महिने. मी पुन्हा वर जाऊन तो आकडा वाचला. मग दिवा मालवला. झोप लागली नाही.

इंग्लंडात ‘नाइस’ नावाची सरकारी संस्था आहे, ती उपचारांची गुणवत्ता कशी असावी याची मानकं काढते. सोरायसिससाठी त्यांनी २०१३ मध्ये जी काढली त्यांत एक ओळ आहे: सोरायसिसच्या रुग्णाची सांध्यांसाठी वर्षातून एकदा तपासणी व्हावी. त्यासाठी लागणारी प्रश्नावली पाच प्रश्नांची आहे. कधी सांधा सुजला होता का? कुणा डॉक्टरनं संधिवात आहे असं सांगितलंय का? नखांवर खळगे आहेत का? टाच दुखते का? एखादं बोट कारण नसताना पूर्ण सुजलं होतं का? तीनांना हो आलं की सांध्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं. यंत्र लागत नाही, रक्त लागत नाही. आमच्या शाळेत चौथीतलं मूल हे प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवील. गुणवत्ता, मानक असले शब्द ऐकले की मला शाळेच्या तपासणीला येणारे साहेब आणि त्यांच्यासाठी आदल्या रात्री रंगवलेले तक्ते आठवतात. म्हणून त्या शब्दांवर माझा विश्वास कमी. पण ही ओळ वाचली आणि वाटलं, मानक म्हणजे एवढंच असेल तर ते टाचेच्या दुखण्याइतकं साधं आहे. तिथेही सगळीकडे ते पाळलं जात असेल असं मी समजत नाही. कागदावरच्या ओळीला पाय फुटायला वेळ लागतो, गोऱ्यांच्या देशातही लागत असणार.

तिकडेच २०६ रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी बोलावलं, मोजमाप केलं, ठरलेलं लक्ष्य गाठलं नाही तर औषध वाढवलं. उरलेल्यांना नेहमीसारखं. वर्षअखेरीला पहिल्या गटाचे सांधे आणि कातडी दोन्ही जास्त सुधारले, दुष्परिणामही जास्त सोसावे लागले. हे वाचून माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल? दर चार आठवड्यांनी रजा कोण देणार?

आणि दुष्परिणामांवरून तो दिवस आठवला. सांध्यांच्या डॉक्टरणीनं मेथोट्रेक्सेट नावाचं औषध सुरू केलं होतं. आठवड्यातून एकदा, रविवारी, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. यजमानांनी कालनिर्णयवर प्रत्येक रविवारी लाल गोल काढून ठेवले, कारण ही आठवड्याची गोळी कुणी चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. त्याच हिवाळ्यात पाठ तडकली म्हणून मी जांभळी पिशवी घेऊन कातडीच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी विचारलं, दुसरी काही औषधं चालू आहेत? मी म्हटलं, दुखण्याची एक गोळी. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्यांनी लिहून दिलेली नवी गोळी घ्यायला आमच्या नाक्यावरच्या फार्मसीत गेले तेव्हा तिथल्या पोरानं पट्टी हातात धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "बाई, ही तुमची रविवारचीच गोळी. नाव दुसऱ्या कंपनीचं." दोन पिशव्यांत एकच औषध, आणि ते ओळखणारा एकमेव माणूस क्रोसीन आणि शाम्पूच्या पुड्या विकणारा. तो पूर्वी माझ्या वर्गात होता, गणितात कच्चा. त्या दिवशी मी त्याला मनात पैकीच्या पैकी दिले.

डॉक्टरांवर राग काढणं सोपं होतं आणि थोडा मी काढलाही. पण जांभळी पिशवी मी घरी ठेवून जात होते, ती कुणी ठेवायला लावली नव्हती. सांध्यांच्या रांगेत मी "बाई" असते. गुडघे धरून बसलेल्या इतर बायांसारखी एक मानाचं दुखणं असलेली बाई. संधिवातात एक पोक्तपणा आहे, तो सांगता येतो, त्यावर लोक तेलं सुचवतात. कातडीच्या रांगेत मी ते सोलकढीचं भांडं काढून घेतलेली बाई असते. दोन पिशव्या वेगळ्या ठेवल्या की हाडांच्या दिवशी मला ती दुसरी बाई व्हावं लागत नसे. हे कबूल करायला मला बाणस्तारीच्या पुलापासून पणजीपर्यंत वेळ लागला.

तिथे त्या दिवशी एक लहानशी गोष्ट घडली. एरवी मी ती विसरूनही गेले असते. डॉक्टरणीला मी गोळीचा किस्सा सांगितला, जरा चेष्टेच्या सुरात. ती हसली नाही. तिनं माझ्यासमोर फोन उचलला आणि कातडीच्या डॉक्टरना लावला. दोघांचं बोलणं चार मिनिटं चाललं. मध्ये तिनं मला दोनदा प्रश्न विचारले आणि माझी उत्तरं तिकडे सांगितली. औषध एकानं लिहायचं, रक्ताच्या तपासण्यांचे कागद दोघांनी बघायचे, कातडी आणि सांधे दोन्ही ऐकली नाहीत तर पुढचं महागडं इंजेक्शन द्यायचं की नाही ते दोघांनी मिळून ठरवायचं, त्याआधी क्षयाची तपासणी आणि छातीचा एक्स-रे. मोठमोठ्या शहरांत म्हणे एका खोलीत दोघं डॉक्टर शेजारी बसतात, सोबत फिजिओथेरपिस्ट, मनाचा डॉक्टर, नर्स. मला चार मिनिटांचा फोन मिळाला. बारा वर्षांत पहिल्यांदा मी एका वाक्यात पूर्ण मावले, आणि त्या वाक्यात मी तृतीयपुरुषी होते, "त्यांची टाच", "त्यांची पाठ". तरी बरं वाटलं. डोळे भरून आले तेव्हा तिनं लगेच विचारलं, डोळे लाल होतात का, उजेड खुपतो का? या आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते, "डोळे आलेत" म्हणून थेंब घालत बसू नका. म्हटलं, नाही हो, हे रडणं आहे. तिनं तेही कुठेतरी लिहिलं असावं. कारण मग वजन झालं, रक्तदाब झाला, साखर झाली, कमरेला टेप लावून झाली (हृदयालाही या आजाराचा धोका असतो म्हणून), आणि शेवटी ती म्हणाली, "झोप कशी लागते? मन कसं आहे?" असं मला शेवटचं आईनं विचारलं होतं.

खालच्या मजल्यावर फिजिओथेरपीची मुलगी एक कागद घेऊन बसते. भारतातल्या रुग्णांसाठी बेतलेली प्रश्नावली. साडी नेसता येते का, जमिनीवर मांडी घालून बसता येतं का, नळ फिरवता येतो का, रिक्षात चढता-उतरता येतं का, बाजारात जाऊन भाजी आणता येते का. ज्यानं ही बेतली त्यानं आपल्याकडची बाई दिवसभर काय करते ते कधीतरी नीट पाहिलं असणार. मी एकेक उत्तर देत गेले. मांडी, त्रासानं. नळ, त्रासानं. मग तिला म्हटलं, यात नेवरीची मुरड नाही. "ती काय असते?" पोरगी पुण्याची. मी तिच्या टेबलावरचा टिश्यू पेपर घेतला, अर्धा दुमडला आणि कडेला मुरड घालून दाखवू लागले. चार वळणांनंतर पेर अडलं. तिनं माझं बोट हातात घेतलं, गरम मेणात बुडवून काढलेल्या हाताला असते तशा उबेनं, आणि कुठे अडतंय ते चाचपून पाहिलं. खवल्यांवरून तिचा अंगठा फिरला. तिनं हात मागे घेतला नाही. मी बघत होते, म्हणून मला माहीत आहे. जाताना तिनं खडू धरायला एक जाड नळी दिली. आता फळ्यावर माझं अक्षर पुन्हा बरं येतं. मधल्या काळात तिसरीतला एक मुलगा म्हणाला होता, "बाई, तुमचं अक्षर म्हातारं झालं."

परतताना पणजीच्या स्टँडवर फोंड्याची बस लागायला वेळ होता. बाकावर शेजारी एक मुलगा बसला होता, विशी-पंचविशीचा, सेल्समन असावा. उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यातून मलमाच्या ट्यूबचं खोकं आणि कातडीच्या डॉक्टरचा कागद दिसत होता. त्या कागदाची घडी मी ओळखते. तो फोनवर काहीतरी बघत होता, आणि त्याचा उजवा पाय बुटातून टाचेपाशी बाहेर काढलेला होता. सतत टाच जमिनीवर टेकवायचा आणि उचलायचा.

मी दुसरीकडे बघितलं. परक्या मुलाला काय विचारायचं? मला कुणी विचारलं असतं तर मी पदर ओढून घेतला असता. वाळपईची बस लागली, माणसं धावली, धूळ उडाली. तो हलला नाही. पुन्हा टाच टेकवली, पुन्हा उचलली.

"सकाळी उठल्यावर टाच दुखते का रे?"

तो दचकला. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कोपराकडे, आणि मी पदर होता तिथेच राहू दिला. त्यानं मलमाचं खोकं पिशवीत खाली दाबलं.

"दुखता," तो म्हणाला. "पूण तें वेगळें."